एकशेष

स्त्रियांच्या उन्नतीसाठीं राष्ट्राराष्ट्रांनीं परस्परांशीं सहकार्य करावें, सर्व क्षेत्रांत स्त्रियांस पुढारीपण मिळावें, स्त्रीपुरुषांत भेदभाव राहूं नये, असे ठराव जगाच्या पाठीवर कोठें ना कोठें प्रतिवर्षीं संमत होत असतात. वर्तमानपत्रांत त्यांची चार ओळींची बातमी येते, आणि पान उलटलें कीं ती विस्मृतींत जाते. दूरदेशीं जमलेल्या मंडळींनीं कागदावर काय लिहिलें आणि काय खोडलें याच्याशीं आपल्या घरच्या व्यवहाराचा संबंध काय, असें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस, विशेषतः गृहिणींस, वाटत असल्यास नवल नाहीं. हा प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर मोघम शब्दांनीं देण्यापेक्षां एका लहानशा गोष्टीच्या आधारें द्यावें असें आम्हीं योजिलें आहे. ती गोष्ट एका शब्दाची आहे. सर्व जगासाठीं तयार होत असलेल्या एका मसुद्यांतील एक शब्द एका हिंदी स्त्रीनें आग्रह धरून बदलून घेतला. तो कां बदलावा लागला, कोणाच्या बळावर बदलतां आला, आणि बदलून पुढें काय झालें, एवढेंच आज पाहावयाचें आहे.

प्रारंभीं थोडें व्याकरण. ज्यांनीं शाळेंत संस्कृत घेतलें असेल त्यांस ‘एकशेष’ म्हणजे काय तें आठवत असेल. दोन पदें एकत्र आलीं असतां त्यांपैकीं एकच शेष राहतें आणि गळून पडलेल्या पदाचा अर्थ तें आपल्या पोटांत घेतें. माता आणि पिता यांचें ‘पितरौ’ होतें. सासू आणि सासरा यांचें ‘श्वशुरौ’. भाऊ आणि बहीण यांचें ‘भ्रातरौ’. पुत्र आणि कन्या यांचें ‘पुत्रौ’. पाणिनीनें यासाठीं स्वतंत्र सूत्रें रचिलीं आहेत. स्त्री व पुरुष यांचीं पदें अशीं एकत्र आलीं म्हणजे शेष राहतो तो पुरुषवाचक शब्द. वर्गांत हें प्रकरण निघालें म्हणजे एखादी चौकस विद्यार्थिनी हटकून विचारीत असे, “गुरुजी, उरतो तो पुरुषच कां?” आम्ही सांगत असूं कीं, बाई, शब्द गेला तरी अर्थ गेलेला नाहीं. व्याकरणापुरतें हें उत्तर पुरेसें आहे. शिवाय आईच्या बाबतींत पाणिनीनें हा नियम वैकल्पिक ठेविला आहे. ‘पितरौ’ म्हणा अथवा ‘मातापितरौ’ म्हणा, दोन्ही शुद्ध. भावाबहिणीच्या बाबतींत मात्र विकल्प नाहीं.

परंतु व्याकरण आणि कायदा यांत एक मोठा भेद आहे. व्याकरणांत गळालेल्या शब्दाचा अर्थ शिल्लक राहतो कीं नाहीं यावर कोणाची रोजीरोटी अवलंबून नसते. कायद्यांत ती असते, आणि तेथें शब्दाबरोबर अर्थही गळून पडल्याचीं उदाहरणें आहेत.

आपल्याच देशांतील उदाहरण घेऊं. १८९७ च्या ‘जनरल क्लॉजेस अॅक्ट’ या कायद्यांत अशी तरतूद आहे कीं, विषयाला अथवा संदर्भाला बाध येत नसेल तर कायद्यांतील पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश होतो असें समजावें. म्हणजे हा इंग्रजी कायद्याचा एकशेषच होय. ही तरतूद छापील पुस्तकांत असतांना, १९१६ सालीं, रेजिना गुहा या विदुषीनें कायद्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन वकिलीच्या सनदेसाठीं अर्ज केला. कलकत्ता हायकोर्टानें निर्णय दिला कीं, वकिलांसंबंधींच्या कायद्यांत स्त्रिया अभिप्रेत नाहींत. १९२१ सालीं पाटण्यास सुधांशुबाला हाजरा यांच्या अर्जाची तीच गत झाली. अखेर १९२३ सालीं स्वतंत्र कायदा करून, केवळ स्त्री आहे या कारणावरून कोणासही वकिलीस अपात्र समजूं नये असें स्पष्ट शब्दांत लिहावें लागलें. नाशकास जन्मलेल्या व पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनीं तर ऑक्सफर्ड येथें कायद्याची उच्च परीक्षा १८९२ सालींच दिली होती. पण तेथें त्या वेळीं स्त्रियांस पदवी देण्याचा प्रघातच नसल्यामुळें पदवी त्यांच्या हातीं पडली ती १९२२ सालीं. मध्यें तीस वर्षें लोटलीं.

कॅनडांतही हेंच घडलें. तेथील वरिष्ठ सभागृहावर ‘पात्र व्यक्ति’ नेमाव्या, असें १८६७ च्या कायद्यांत लिहिलें होतें. स्त्री ही ‘व्यक्ति’ आहे कीं नाहीं असा प्रश्न आल्बर्टा प्रांतांतील पांच स्त्रियांनीं उपस्थित केला. १९२८ सालीं कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, या कायद्यापुरती ती नाहीं. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें, म्हणजे त्या काळीं आपल्याही दाव्यांचा जेथें शेवट होई त्याच न्यायासनानें, १९२९ सालीं तो निर्णय फिरविला व स्त्री ही व्यक्ति आहे असें ठरविलें. या सर्व प्रकरणांवरून एक गोष्ट ध्यानांत येते. कर भरावयाचा असो कीं अपराधाबद्दल दंड सोसावयाचा असो, तेथें पुल्लिंगी शब्दांत स्त्री आलीच असें धरण्यास कोणाची हरकत नसे. सनद, पदवी, अधिकार यांचा प्रश्न निघाला कीं मात्र तो शब्द एकाएकीं अक्षरशः वाचला जाई.

दुसरें महायुद्ध संपत आलें तेव्हां, १९४५ च्या उन्हाळ्यांत, संयुक्त राष्ट्रसंघाची सनद तयार करण्यासाठीं पन्नास राष्ट्रांचे प्रतिनिधि सॅन फ्रॅन्सिस्को येथें जमले होते. त्या सनदेवर ज्यांच्या सह्या झाल्या त्यांत स्त्रिया अवघ्या चार: ब्राझीलच्या बर्था लुट्झ, डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या मिनर्व्हा बर्नार्दिनो, चीनच्या वू यी-फांग आणि अमेरिकेच्या व्हर्जिनिया गिल्डरस्लीव्ह. स्त्रीपुरुषांच्या समान हक्कांचा उल्लेख सनदेच्या प्रस्तावनेंत आला, आणि संघाच्या कोणत्याही कामांत स्त्री म्हणून अडसर असूं नये असें आठवें कलम पडलें, याचें मोठें श्रेय लुट्झबाई व बर्नार्दिनोबाई यांच्याकडे जातें. लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट अशी कीं, इंग्लंड-अमेरिकेच्या कांहीं प्रतिनिधि स्त्रियांसच हा निराळा उल्लेख अनावश्यक वाटत होता. आणि त्याचा आग्रह धरणाऱ्या बहुतेक स्त्रिया दक्षिण अमेरिकेंतील व इतर लहान देशांतील होत्या.

पुढील वर्षीं, १९४६ सालीं, राष्ट्रसंघानें स्त्रियांच्या दर्जाविषयीं एक आयोग नेमला. त्याच्या मुळाशीं जी लहान पोटसमिति होती तिच्या अध्यक्षा डेन्मार्कच्या बोडिल बेगट्रुप. आणि सभासदांत हिंदुस्थानच्या श्रीमती हंसाबेन मेहता होत्या. आयोगाची पहिली बैठक १९४७ च्या फेब्रुवारींत न्यूयॉर्कजवळील लेक सक्सेस येथें भरली, तेव्हां हिंदुस्थानच्या वतीनें बेगम शरीफा हमीद अली बसल्या. याच सुमारास दुसरा एक आयोग मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार करण्यासाठीं बसला होता. त्याच्या अध्यक्षा अमेरिकेच्या श्रीमती एलिनॉर रूझवेल्ट. त्या आयोगावर त्यांच्याखेरीज एकच स्त्री प्रतिनिधि होती, ती हंसाबेन.

मसुद्याच्या पहिल्या कलमांत आरंभींच ‘ऑल मेन’, म्हणजे ‘सर्व पुरुष’ अथवा ‘सर्व माणसें’, असे शब्द होते. इंग्रजींत ‘मेन’ या शब्दाचे हे दोन्ही अर्थ होतात, आणि येथेंच ग्यानबाची मेख होती. हंसाबेननीं हरकत घेतली. त्यांचें म्हणणें असें कीं, कांहीं देशांत हा शब्द अक्षरशः वाचला जाईल आणि त्याच्या आधारें स्त्रियांस हक्कांबाहेर ठेविलें जाईल. रूझवेल्टबाईंचें मत निराळें होतें. इंग्रजी भाषेंत ‘मेन’ म्हटलें कीं त्यांत स्त्रिया आल्याच, हें सर्वमान्य आहे, असें त्या सांगत. म्हणजे त्यांनीं एकशेषाचा पक्ष घेतला. रूझवेल्टबाई कांहीं स्त्रियांच्या शत्रु नव्हत्या. उलट त्या काळच्या जगांतील थोर स्त्रियांत त्यांची गणना होते. परंतु त्यांच्याच देशाच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यांत ‘ऑल मेन’ असेच शब्द आहेत, आणि स्त्रियांस मतदानाचा हक्क त्या देशाच्या घटनेनें दिला तो १९२० सालीं. म्हणजे एकशे चवेचाळीस वर्षें तो शब्द स्त्रियांस पोटांत घेण्याचें नांव काढीत नव्हता.

१९४७-४८ च्या बैठकांत हा वाद चालला. बेगट्रुपबाईंनीं स्त्रियांच्या आयोगाच्या वतीनें हाच आग्रह धरिला. अखेर ‘ऑल मेन’ जाऊन त्या जागीं ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’, म्हणजे सर्व मानव, असे शब्द आले. जाहीरनामा पुढें पॅरिस येथील महासभेपुढें आला तेव्हां भारताच्या लक्ष्मी मेनन यांनीं, तो सर्व देशांस सारखा लागू आहे हें ठासून सांगितलें व स्त्रीपुरुषभेद न मानण्याचा उल्लेख जागोजाग असावा म्हणून भाषणें केलीं. बर्नार्दिनोबाईंनीं प्रस्तावनेंत स्त्रीपुरुषांच्या समान हक्कांचा उल्लेख यावा म्हणून खटपट केली. पाकिस्तानच्या बेगम शाइस्ता इक्रामुल्ला यांनीं विवाहांत स्त्रीची संमति व समान हक्क सांगणाऱ्या सोळाव्या कलमाचा कैवार घेतला. त्या दिवसांत काश्मीरांत दोन्ही देशांचें सैन्य समोरासमोर उभें होतें, हें वाचकांनीं आठवावें. १० डिसेंबर १९४८ रोजीं जाहीरनामा संमत झाला. बाजूनें अठ्ठेचाळीस राष्ट्रें, विरुद्ध एकही नाहीं, तटस्थ आठ.

विजय पूर्ण होता असें मात्र म्हणतां येत नाहीं. त्याच पहिल्या कलमाच्या शेवटीं ‘बंधुभाव’ शब्द राहिलाच. भगिनीभावाचा उल्लेख नाहीं. पोटापुरतें वेतन व राहणीमान सांगणाऱ्या तेविसाव्या व पंचविसाव्या कलमांत इंग्रजींत ‘तो स्वतः आणि त्याचें कुटुंब’ अशीच रचना आहे. जणूं घराचा कर्ता पुरुषच असावयाचा. आणि फ्रेंच भाषेंत त्या जाहीरनाम्याच्या नांवांतच ‘पुरुष’वाचक शब्द आहे. त्याच फ्रान्सांत ओलँप द गूज या बाईनें १७९१ सालीं, राज्यक्रांतीच्या जाहीरनाम्यांत स्त्रियांचें नांव नाहीं म्हणून, स्त्रियांच्या हक्कांचा स्वतंत्र जाहीरनामा लिहिला होता. १७९३ सालीं तिचा शिरच्छेद झाला. फ्रेंच स्त्रियांस मताचा हक्क मिळाला १९४४ सालीं.

आतां ज्या स्त्रीनें हा शब्द बदलून घेतला ती कोण, हें पाहूं. हंसाबेन १८९७ सालीं सुरतेस जन्मल्या. वडील मनुभाई मेहता हे बडोद्याचे दिवाण. जातीनें नागर ब्राह्मण. त्यांनीं वैश्य कुळांतील डॉक्टर जीवराज मेहता यांच्याशीं विवाह केला, तेव्हां जातींत मोठा गहजब झाला. वाल्मीकि रामायणाच्या कांहीं कांडांचा त्यांनीं गुजरातींत अनुवाद केला आहे. १९४७ च्या ऑगस्टांत स्वातंत्र्याच्या मध्यरात्रीं घटनासभेंत भारताच्या स्त्रियांच्या वतीनें राष्ट्रध्वज अर्पण करणाऱ्या त्याच. आणि घटनेच्या मूलभूत हक्कांच्या पोटसमितींतही त्या होत्या. परंतु आमच्या वाचकांस जवळची वाटेल अशी गोष्ट निराळीच आहे. ज्या वर्षीं त्या राष्ट्रसंघाच्या पोटसमितीवर गेल्या, त्याच १९४६ सालीं त्या मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या कुलगुरु झाल्या. तें विद्यापीठ म्हणजे महर्षि अण्णासाहेब कर्वे यांनीं १९१६ सालीं लावलेलें रोप.

या रोपाची हकीकत मुळापासून पाहिली म्हणजे आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे काय याचा उलगडा कोणत्याही ठरावापेक्षां अधिक चांगला होतो. पंडिता रमाबाई अमेरिकेस गेल्या असतां १८८७ सालीं बोस्टन शहरीं ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली, आणि तेथील स्त्रीपुरुषांनीं हिंदु विधवांच्या शिक्षणासाठीं दहा वर्षें पैसा पुरविण्याचें पतकरलें. त्या पैशावर १८८९ च्या मार्चमध्यें मुंबईस शारदा सदन उघडलें. तेथें दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ सालीं गोदूबाईंचा अण्णासाहेब कर्व्यांशीं पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. १८९६ सालीं कर्व्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढें हिंगण्यास गेला. नंतर टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हातीं आली. ती वाचून असें विद्यापीठ आपल्याकडेही व्हावें हा विचार त्यांच्या मनांत पक्का झाला, आणि १९१५ च्या डिसेंबरांत मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनीं तो मांडला. पुढल्याच वर्षीं विद्यापीठ निघालें.

दुसरा धागा पुण्याचाच. १९२७ च्या जानेवारींत फर्ग्युसन कॉलेजांत अखिल भारतीय महिला परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें. त्यामागें आयर्लंडच्या मार्गारेट कझिन्स या बाईंची खटपट होती, आणि अध्यक्षस्थानीं बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड होत्या. या परिषदेच्या अध्यक्षा म्हणून १९४५-४६ सालीं सिंधमधील हैदराबादच्या अधिवेशनांत हंसाबेन बसल्या, आणि तेथें भारतीय स्त्रियांच्या हक्कांची व कर्तव्यांची सनद तयार झाली. म्हणजे राष्ट्रसंघांत ‘मेन’ या शब्दास हरकत घेणारी स्त्री एकटी बोलत नव्हती. बोस्टनची वर्गणी, जपानची पुस्तिका, आयर्लंडच्या बाईची तळमळ, आणि इकडच्या आश्रमांत सोवळें-ओवळें, केशवपन, लोकनिंदा यांना तोंड देऊन शिकलेल्या शेंकडों मुली, एवढें सगळें तिच्या पाठीशीं होतें. साठ वर्षांपूर्वीं जें इकडे आलें त्याची फेड १९४८ सालीं तिकडे झाली. आम्हीं अमेरिकेकडून शाळेसाठीं पैसा घेतला, आणि अमेरिकेच्या विदुषीला एका शब्दाचा धडा दिला.

यावरून एका आक्षेपाचें उत्तर आपोआप मिळतें. हीं समतेचीं थोतांडें परदेशांतून आमच्यावर लादलीं आहेत, असें म्हणणारे सज्जन आजही भेटतात. त्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, ज्या शब्दावर या सर्व इमारतीचा पाया आहे तो शब्द आपल्या देशाच्या स्त्रीनें घालून घेतला आहे. उलट स्त्रियांविषयींचा सर्व प्रकारचा भेदभाव नाहींसा करण्याचा जो करार राष्ट्रसंघानें १८ डिसेंबर १९७९ रोजीं संमत केला, त्यावर अमेरिकेनें १९८० सालीं सही केली खरी. परंतु तिच्या सिनेटनें त्यास मान्यता दिलेली नाहीं. भारतानें सही १९८० सालीं केली व मान्यता १९९३ सालीं दिली. ती देतांना, निरनिराळ्या समाजांच्या खाजगी बाबींत त्यांच्या पुढाकारावांचून हात घालणार नाहीं असा खुलासा आपल्या सरकारनें जोडला आहे, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कागदावरच्या शब्दानें प्रत्यक्षांत काय होतें? दोन निकाल पाहूं. राजस्थानांतील एका खेड्यांत बालविवाह थांबविण्याचें सरकारी काम करणाऱ्या एका स्त्रीवर १९९२ सालीं सूड म्हणून अत्याचार झाला. कामाच्या ठिकाणीं स्त्रीच्या अब्रूचें रक्षण करणारा कायदाच त्या वेळीं देशांत नव्हता. १९९७ सालीं ‘विशाखा’ खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें, आपण मान्य केलेल्या त्याच आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन, प्रत्येक कचेरीस व कारखान्यास बंधनकारक असे नियम घालून दिले. संसदेचा कायदा झाला तो २०१३ सालीं. मधल्या सोळा वर्षांत देशांतील नोकरी करणाऱ्या लेकीसुनांना जें कांहीं संरक्षण होतें तें या नियमांचें होतें.

दुसरा निकाल पुनः एका शब्दाचाच आहे. १९५६ च्या हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायद्यांत अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक पिता, व त्याच्या ‘नंतर’ माता, असें म्हटलें आहे. ‘नंतर’ म्हणजे पित्याच्या मृत्यूनंतर, असाच अर्थ सर्वत्र घेत. त्यामुळें बाप हयात असेतों आईची सही मुलाच्या कागदावर चालत नसे. लेखिका गीता हरिहरन यांनीं आपल्या मुलाच्या नांवें रोखे घेण्यासाठीं केलेला अर्ज असाच अडला, तेव्हां त्या न्यायालयांत गेल्या. १९९९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, ‘नंतर’ याचा अर्थ पित्याच्या ‘अभावीं’ असा घ्यावा, आणि पिता कोणत्याही कारणानें मुलाचा भार वाहत नसेल तर तो अभावच समजावा. हा अर्थ करतांना न्यायमूर्तींनीं १९७९ च्या त्या कराराचा आधार घेतला. संस्कृत टीकाकारांनीं शब्दांचे अर्थ लावतांना जी सूक्ष्मता दाखविली तिची येथें आठवण होते. फरक एवढाच कीं, या अर्थानें लक्षावधि आयांची सही ग्राह्य होण्याची वाट मोकळी झाली.

तरीही आक्षेपकांचें म्हणणें सर्वस्वीं खोटें नाहीं. राष्ट्रसंघाच्याच घरीं पाहिलें तर महासभेचें अध्यक्षपद प्रथम मिळविणारी स्त्री आपल्या विजयालक्ष्मी पंडित, १९५३ सालीं. त्या आमच्या रणजित सीताराम पंडितांच्या, म्हणजे ‘राजतरंगिणी’चें इंग्रजी भाषांतर करणाऱ्या मराठी विद्वानाच्या, पत्नी. १९४४ सालीं पति निवर्तले. पदरीं तीन कन्या, पुत्र नाहीं. आणि त्या काळच्या हिंदु कायद्यांत पुत्रहीन विधवेचें स्थान काय, याचा कटु अनुभव त्यांस घ्यावा लागला, हें त्यांनीं आपल्या आत्मवृत्तांत सांगितलें आहे. त्यांच्यानंतर २०२५ पर्यंत आणखी चारच स्त्रिया त्या पदावर आल्या. आणि १९४६ पासून २०२५ पर्यंत जे नऊ महासचिव झाले त्यांत एकही स्त्री नाहीं. आपल्याकडे १९९३ सालीं अमलांत आलेल्या घटनादुरुस्तीनें ग्रामपंचायतींत स्त्रियांस एकतृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रानें २०११ सालीं त्या निम्म्या केल्या. हजारों स्त्रिया सरपंच झाल्या, आणि कित्येकींनीं गांवचें पाणी, शाळा, दारूबंदी यांत नांव घेण्यासारखें काम केलें. पण ‘सरपंचपति’ हा एक नवा समासही याच काळांत मराठींत रूढ झाला. खुर्ची बाईंची, शिक्का बाईंचा, आणि बोलणारा नवरा. निवडून दोघेंही आलीं असें धरून एक शेष राहतो, तो पुन्हा पुरुषच. व्याकरणांतील एकशेष निरुपद्रवी आहे, हा नव्हे.

तात्पर्य काय? आंतरराष्ट्रीय ठराव हें पेरलेलें बीं आहे. जमीन ज्याची त्यानें कसली पाहिजे. जेथें रमाबाई, कर्वे, गोदूबाई यांनीं आधीं नांगर धरला होता तेथें बाहेरचें बीं रुजलें, आणि तेथूनच बाहेर देण्यासारखें पीकही आलें. जेथें घरांत कांहींच हललें नाहीं तेथें न्यूयॉर्कचा ठराव न्यूयॉर्कांतच राहिला.

म्हणून सुज्ञ वाचकांस आमची विनंति अगदीं घरगुती आहे. महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं असा निर्णय केला कीं, त्या वर्षाच्या १ मेपासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नांवापुढें प्रथम आईचें, मग वडिलांचें नांव व शेवटीं आडनांव लिहावें. पाणिनीनें दिलेला विकल्प सरकारनें, उशिरां कां होईना, नियम केला असें म्हणावयास हरकत नाहीं. आतां आपल्या घरांतील बाकीचे कागद पेटींतून काढून पाहावे. घराच्या सातबाऱ्यावर अथवा सोसायटीच्या दाखल्यावर कोणाचें नांव आहे? बँकेच्या खात्यांवर घरच्या बाईची सही चालते कीं तिला केवळ वारस म्हणून लिहिलें आहे? मुलीचा जो वांटा कायद्यानें महाराष्ट्रांत १९९४ पासून व सर्व देशांत २००५ पासून मुलाच्या बरोबरीचा आहे, तो देतांना ‘ती कांहीं मागणार नाहीं’ असें आपणच तिच्या वतीनें धरून चाललों नाहीं ना? आणि घरांत एखादा मोठा निर्णय झाला म्हणजे ‘आम्हीं ठरविलें’ असें आपण बाहेर सांगतों, त्या ‘आम्हीं’ मध्यें ठरवितांना कोण कोण बोललें होतें?

‘तिची संमति आहेच’ हें उत्तर कदाचित् सर्वांच्या ओठांवर येईल. रूझवेल्टबाईंचेंही उत्तर तेंच होतें, आणि त्यांचा हेतु शुद्ध होता. तरी हंसाबेननीं शब्द बदलून घेतला. ज्या भगिनींस असा एखादा कागद आपल्या घरीं बदलून घ्यावयाचा असेल, त्यांनीं तो या दिवाळीच्या आंत बदलून घ्यावा. आणि ज्या बंधूंच्या नांवें तो कागद आहे त्यांनीं मागण्याची वाट पाहूं नये, एवढें सांगून आम्ही या महिन्यापुरतें थांबतों.